डाग

बेळगावच्या जळीत वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर
राजमतीकाकू पाय लांब करून बसली आहे.
उजाळ्याचं तेजाब सांडलं, घोट्यापासून पोटरीपर्यंत,
नेमकं पैंजण बसतं तिथून वर.
डॉक्टर हिरेमठ राखाडी पट्टी उलगडतात,
सिस्टरला म्हणतात, बेळ्ळी.
काकूला तेवढं कन्नड पुरतं.
"चांदी?" ती मला विचारते. "किती टंच?"

टंच नाही सांगता येत, काकू.
ही इतकी बारीक
की तुझ्या कानशीखालचा कीस तिच्यापुढं डोंगर.
इतकी बारीक, की पांढरं दिसायचंच विसरते.
बाटलीत उजेडाला धरली तर पिवळी, हळदीच्या पाण्यासारखी.

"आणि बरं झाल्यावर डाग राहील?"
राहील थोडा.
"राहू दे. एका पैंजणाला दोनशे डाग दिले मी,
मांगुरात बसून, फुंकणीनं.
एक माझ्या अंगावर."

माझी प्रयोगशाळा इथून दोन जिने वर.
शहाण्णव खळग्यांची पेटी,
खळग्यात कातडी व्हायला निघालेल्या पेशी.
संध्याकाळी चांदी घालते, ओळीगणिक दुप्पट.
दुसऱ्या संध्याकाळी रंग.
जगलेल्या जांभळ्या होतात,
मेलेल्या पिवळ्याच राहतात.
जंतू तिसऱ्या ओळीलाच संपलेले असतात,
पेशी मात्र पाचवीपर्यंत जांभळ्या,
सुपात जांभळं पसरावीत तशा.
सहाव्या ओळीपाशी मी दर वेळी थांबते.
तीन ते पाच. औषधाला राहायला
एवढीच जागा.
आम्हां सीमेवरच्यांना अरुंद पट्ट्यात राहायची सवय असते,
पण पेशींना कुणी विचारलेलं नसतं.

लहानपणी गल्लीत झारेकरी यायचा.
कारखान्याची धूळ, मोरीतला गाळ, चुलीची राख
पैसे देऊन न्यायचा, आम्हाला वेडा वाटायचा.
मागच्या महिन्यात मी उंदरांची यकृतं विरघळवली
तुझ्या तेजाबाच्या चुलतभावात
आणि यंत्रासमोर बसून राहिले.
आकडा आला.
कातडीला लावलेली चांदी
पोटात जाऊन बसली होती.
घाबरण्याइतकी नाही.
लिहिण्याइतकी.

अहवालात शब्द आहे जैवसुसंगत.
काकूला सांगितला, तर म्हणाली,
"म्हंजे खपतंय म्हण की."
खपतंय. किती दिवस, कुणाला, किती,
ते तळटिपेत.

"शेठ किलोमागं तूट धरतोय," ती म्हणते,
"त्याच्यावर गेली तर मजुरीतनं कापतोय.
चाळीस वर्षं कापून घेतली.
कुठं जात असंल गं ही चांदी, म्हणायची मी.
पदर झाडला, केस झाडले,
पोरांचे खिसेसुद्धा बघितले एकदा. लाज वाटली मग."
बोलता बोलता ती हात चादरीवर ठेवते.
नखांच्या मुळाशी, चंद्रकोरीच्या जागी
निळसर करडी छटा,
घासून न जाणारी.
पुस्तकात पाहिली आहे मी ती. तिचं नावही येतं मला.

नाव मी सांगत नाही.
खिडकीबाहेर बसची पाटी दोन लिप्यांत निपाणी म्हणते,
आणि माझ्याकडं एका माणसाला सांगायला
एकही भाषा नसते.

"उरीतदेन्री?" सिस्टर विचारते. झोंबतंय का.
काकू मान हलवते, हो की नाही कळत नाही.
जुनी पट्टी पिवळ्या पिशवीत पडते.
काकूचा हात तिच्यामागं जातो
आणि अर्ध्यात थांबतो.

"वजन केलंस काय गं?"
कशाचं?
"पट्टीचं. घालताना एकदा,
काढताना एकदा."

मी पिशवीची गाठ सोडते.